नुस्तं बघून जातो

अहो न्हाय न्हाय न्हाय, पायरी चढायची न्हाय! तिथंच थांबा, तिथंच! लाईटच्या खांबाच्या अलीकडं कुणी यायचं न्हाय म्हणून पोरीनं चुन्यानं रेघ मारलीय, ती काय कबड्डी खेळायला मारलीय व्हय?... आन बंडप्पा, ती केळं घिऊन मागं सरक, किती येळा सांगितलं, केळं चालत न्हाईत, नारळ चालत न्हाय, आन हार तर न्हायच न्हाय!... काय म्हणतूस? "वर येत न्हाय अण्णा, नुस्तं बघून जातो." बघा! ह्येच! ह्येच ते वाक्य! तुम्हाला सांगतो, ह्या रक्ताच्या कॅन्सरनं मला जेवढं बेजार केलं न्हाय तेवढं ह्या एका वाक्यानं केलंय.

आता जमलाच हाव पंचवीस-तीस जण, तर ह्या गॅलरीतनंच एकदाचं सगळं सांगून टाकतो, म्हंजी एकेकाला फोनवर सांगायची कटकट जाईल. उद्या सकाळी सातला जीप हाय. पुण्याला जायचंय. तिथल्या दवाखान्यात माझं ते... स्टेम सेल ट्रान्सप्लांट. "ऑपरेशन हाय का अण्णा?" न्हाय बाबा, ऑपरेशन न्हाय, कापाकापी काय न्हाय. "मग काय बसवणार हाईत?" काय बसवत न्हाईत रे, मी काय बोअर हाय मोटर बसवायला? ऐका. रक्त तयार हुतंय हाडाच्या आतल्या मगजात. माझा मगज बिघडलाय. त्यो कडक औषधानं पार जाळून काढायचा, रान रिकामं करायचं, आन मग आमच्या इरम्माआक्काच्या रक्तातनं बी काढून सलाईनवानी माझ्या अंगात सोडायचं. ते बी उगवायला पंधरा-वीस दिस लागत्यात. उगवलं तर राजशेखर हाय, न्हाय उगवलं तर... असू द्या. मुद्दा काय, तिथं जाताना अंगात ताप नको, सर्दी नको, खोकला नको, घशात खवखव बी नको. ह्यातलं एक जरी असलं तर दवाखाना दारातनंच माघारी लावतंय.

आन लावलंय की एकदा! विसरलाव? मागची तारीख कशानं गेली? सांगू? सांगतोच... शरणबसप्पा, बंडप्पाच्या मागं दडू नको, तुझं पोट दिसतंय बाहेर! माझा जिगरी दोस्त, तीस वर्सं एका बाकावर बसून चहा पिलाव, त्येला कोण अडवणार? जायच्या चार दिस आधी आला. "राजशेखर, बसत न्हाय, नुस्तं बघून जातो." आन बसला की हो! माझ्या खाटावर, माझ्या उशाला, पावणेदोन तास! त्येच्या मेव्हण्याच्या सोयऱ्याला असंच झालतं म्हणं, त्यो कसा कसा वारला ते पार पयल्यापासनं सांगितलं, मयतीला कोण कोण आलतं ते बी सांगितलं, मधी दोनदा माझ्या तोंडावर शिंकला, "धूळ हाय, धूळ" म्हणला, आन जाताना माझे दोन्ही हात हातात घिऊन "काळजी करू नको, मी हाय" म्हणला... आन गेला. तिसऱ्या दिशी मला एकशेदोन ताप! पुण्याला कळवलं, तर तिकडनं, "काका, येऊ नका, तुमचा बेड दुसऱ्या पेशंटला दिला." झालं! दीड महिना पुढं. मधी आणखीन एक केमो घेतला, ओकून ओकून आतडी हातात यायची बाकी ऱ्हायलती. आन तुम्हाला सांगतो, ताप आलाय कळल्यावर दुसऱ्या दिशी सकाळी दारात कोण? ह्योच! "ताप आलाय म्हणं, नुस्तं बघून जातो!"

पुण्याची डॉक्टरीणबाई लई शांत बाई. आवाज चढवत न्हाय कधी. ती काय म्हणली ते मात्र ऐका. "काका, तुमचा आजार औषधांनी सध्या झोपलाय. तो झोपलाय तोवरच हे करून घ्यायचंय. ही तारीख चुकली, तर पुढचं मी सांगू शकत नाही." पुढचं सांगू शकत नाही! एवढी शिकलेली बाई, भिंतीवर धा सर्टिफिकेटं लावलेली, आन ती म्हणतीया सांगू शकत नाही! म्हणून ती चुन्याची रेघ हाय, म्हणून मी चौदा दिस ह्या वरच्या खोलीत हाय, आन म्हणून तुम्ही तिथं हाव आन मी इथं.

पण बोलू कुणाला? ही सवय ह्या मुरूम गावाला लावली कुणी? म्या! तुम्हीच सांगा, भांड्याचं दुकान उघडल्यापासनं ह्या गावात कुणी आजारी पडलं आन राजशेखर बघायला गेला न्हाय, असं एक घर दाखवा. कुणाचं बाळंतपण, कुणाचा मुतखडा, कुणाचा पाय मोडला, दुकानाला कुलूप लावून पहिला मी हजर. ह्या बंडप्पाचं बायपास झालं तवा त्येला अतिदक्षता विभागात जाऊन भेटलो, वॉचमनला "सख्खा भाऊ हाय" म्हणून सांगितलं, आन खिशात काय? मिरचीभजी! गरम! तळल्यालं बंद म्हणून डॉक्टरनं सांगितलं हुतं, म्हणलं एकानं काय हुतंय?... बंडप्पा, आठवतंय न्हवं? हसतूस काय, मेला असतास की रे! तर आता ही सगळी फेड हाय. आमच्याकडं लग्नात आलेला आहेर माणूस एक येळ विसरंल, पण आजारपणात कोण बघून गेलं आन कोण न्हाय, ते सात पिढ्या ध्यानात ठिवत्यात. कळंबहून माणसं आली, सास्तूरहून मोटारसायकलवर तिघं तिघं आली, ज्येंच्या घरी मी पंधरा वर्सामागं अर्धा कप चहा पिलतो ती बी आली. "आमच्या म्हातारीला बघायला आलता अण्णा, आमी न यिऊन कसं चालंल? नुस्तं बघून जातो."

बघायला येऊन बघणार तरी काय? माझं ध्यान! दवाखान्यानं यादी दिली, त्यात पहिलं काय तर दात तपासा. म्हणलं रोग रक्ताचा आन दात कशाला? तर किडका दात म्हंजी जंतूंचा अड्डा म्हणं. उपटले की दोन! मग केस. केमोतनं वाचलेले बी आता गळणारच हाईत, तर आधीच काढून टाका. काढले. झालं, पहिल्याच दिशी गॅलरीत उभा ऱ्हायलो तर खालनं एक पाव्हणा जाता जाता थांबला, टोपी काढली, आन हात जोडून विचारतो, "कोण गेलं हो घरातलं?" म्हणलं, अजून कुणी न्हाय, तारीख पंधरा दिसांनी हाय!

त्यात आमच्या व्यापारी मंडळींनी काय केलं? फ्लेक्स! चौकात, आठ बाय धाचा! आता शुभेच्छा द्यायच्या तर द्या, पण फोटो कुठला? फेटा बांधलेला, हसरा, मागं ढग, चारी बाजूनं झेंडूची फुलं! फ्लेक्सवाल्याकडं तेवढा एकच नमुना तयार हुता म्हणं. त्यात "उपचारासाठी हार्दिक शुभेच्छा" बारीक अक्षरात, आन माझं नाव हे एवढं मोठं! तुम्हाला सांगतो, लोकं एसटीतनं उतरत्यात, फ्लेक्स बघत्यात, आन थेट घरी येऊन आमच्या शिवगंगेच्या गळ्यात पडून रडत्यात. आमची मंडळी साधी बाई, कुणी गळ्यात पडलं की ती बी रडतीया. मी वरनं वरडतोय, "अगं, मी हाय की! मी हाय!" कुणी ऐकंल तर शपथ!

आन घरातली तऱ्हा विचारूच नका. पोरगी आमची शिवांजली, शाळेत मास्तरीण, गणित शिकवतीया, तिनं ती दवाखान्याची यादी पाठ करून टाकलीय. पाणी उकळून. ताट-वाटी उकळून. फोन पुसून. दही बंद! शेंगाचटणी बंद! तुम्हीच सांगा, ज्वारीची कडक भाकरी हाय आन शेंगाचटणी न्हाय, घास उतरंल का? मी म्हणलं, अंजू, चिमूटभर. ती म्हणली, "बाबा, शेंगदाण्याला बुरशी असू शकते." पन्नास वर्सं खाल्ली की तीच बुरशी! "आत्तापर्यंत तुमच्या अंगात पांढऱ्या पेशी होत्या बाबा." बसा! खातोय आपली कोरडी भाकरी. आक्कानं आळंदाहून मठातली विभूती आणली, तर ती बी प्लास्टिकच्या डबीत बंद. "कपाळाला लावायची नाही, बारीक धूळ नाकात जाते." मग आक्काचं तोंड सुटलं. "काय गं, आमची विभूती काय रस्त्यावरची धूळ हाय?" दोघींची जुंपली. मी मधी. शेवटी ठरलं काय, तर लांबनं डबी दाखवायची आन मी नमस्कार करायचा. करतोय आपला रोज, डबीला.

आक्काचं सांगायचं ऱ्हायलंच. आता माझं बी उगवणार कशावर, तर ह्या इरम्माआक्कावर. माझ्याहून चार वर्सांनी थोरली, दिली आळंदाला, कर्नाटकात. आयुष्यात आमचं दोघांचं कशावर जुळलं न्हाय. मी चहा म्हणलं की ती कॉफी, मी पंखा लावला की तिला थंडी. आन तपासणीचा रिपोर्ट आला तर डॉक्टरीणबाई टेबलावर हात मारून म्हणती, "काका, नशीबवान आहात, दहापैकी दहा जुळलं!" म्हणलं, पुन्यांदा तपासा, दुसऱ्या कुणाचा कागद आला असंल. तर आक्का शेजारनं, "यप्पा, मला तर लहानपणापासनं वाटायचं ह्याला उकिरड्यावरनं उचलून आणलाय, कळलं आज, सख्खाच हाय म्हणून!" वर डॉक्टरीणबाई म्हणती, आता तुमचा रक्तगट बी बदलून आक्कांचा होणार. हे ऐकून आमची शिवगंगा दोन दिस नुस्ती आक्काकडं बघत ऱ्हायली. तिसऱ्या दिशी हळूच मला विचारती, "अहो, रक्त बदलल्यावर स्वभाव बी बदलतोय का?" म्हणलं न्हाय बदलत. तर म्हणती, "तुम्ही एकदा डॉक्टरला विचारून तर बघा. मला आधीच एक नणंद हाय."

आन तवापासनं आक्काचा जो तोरा! "माझं रक्त घ्यायचं तर ताठ बस." "माझं रक्त घ्यायचं तर भेंडी गप खा." आन रोज जिन्यात बसून माझं एकेक पाप काढतीया. तिच्या लग्नात मी तिच्या सासरच्या माणसांना काय बोललो, कुठल्या वर्सी तिला न्यायला गेलो न्हाय, कुठली साडी दिली आन तिचा रंग कसा गेला! मी म्हणतो, आक्का, ते नंतर बघू, ती म्हणतीया, "नंतर कवा?"

नंतर कवा... व्हय. आता तोंडात आलंच हाय तर बोलूनच टाकतो. मला काय कळत न्हाय व्हय, तुम्ही कशापायी येताव? "नुस्तं बघून जातो" म्हंजी काय ते म्या नको सांगायला? म्या स्वतः किती जणांना असंच बघून आलोय. वरनं हसून "कायबी हुत न्हाय" म्हणायचं, आन मनात म्हणायचं, बघून घिऊ, परत दिसतोय न दिसतोय. तुम्ही मला शेवटचं बघून घ्यायला येताव! कबूल करा की! का खाली बघताव आता? राग न्हाय मला... हाय, थोडा राग हाय. पण जास्त करून भ्या वाटतंय. मला बी वाटतंय भ्या. चौदा दिस ह्या खोलीत पडून छताकडं बघतोय, पत्र्याला खिळे किती हाईत ते पाठ झालंय, आन खालनं तुमचा आवाज आला की वाटतंय वरडावं, जावा रे बाबांनो, आन त्याच येळी वाटतंय की... असू द्या. असू द्या ते. चहा घेतला का सगळ्यांनी? घ्या, रेघेच्या पलीकडं ऱ्हाऊन घ्या. मुरूमात माणूस दारातनं बिनचहाचा परत गेला असं व्हायला नको.

थांबा थांबा थांबा. चहा कोण देतंय?

आक्का?... इरम्माआक्का! तू तिथं काय करतीस? अगं तू आत माजघरात झोपलीस न्हवं? शरणबसप्पाचा हात का धरलास? सोड! सोड त्येचा हात! विभूती लावतीस? समद्यांना? "आठ दिस झालं लावतीया, आजच काय झालं वरडायला? माणसं दारात येत्यात, तू तर वर कोंडून बसलास, कुणीतरी बसायला नको त्येंच्याबरं? चहा नको विचारायला? घराची अब्रू हाय का न्हाय?" आठ दिस! रोज चाळीस-पन्नास माणूस! प्रत्येकाजवळ बसून! अंजू, अगं ए अंजू, भायेर ये! तू माझ्या जिन्याला कुलूप लावलंस, माझी वाटी उकळलीस, माझ्या शेंगाचटणीवर पोलीस बसवलास, आन जिच्या अंगातनं बी काढायचंय ती बाई अख्ख्या तालुक्याबरं चहा पितीया की गं!

बघा, पोरीच्या तोंडावरचा रंगच गेला. अंजू, नियम काय हाय? आक्काला ताप आला तर? "तर... तर तारीख जाते बाबा." ऐकलंव का? तिला शिंक आली तरी मी गेलो! तिला, मला न्हाय! आता कसं सरकलाव सगळे मागं? शाबास! अहो पण पळू नका, चेंगराचेंगरी हुईल... "मला काय रोग झालाय का रं, पळताव कशाला?" अगं आक्का, गप! थर्मामीटर लाव. जिभंखाली. बोलायचं न्हाय, एक मिनिट बोलायचं न्हाय... जमंल का?... हूं... हूं हूं न्हाय, हूं बी करायचं न्हाय...

बघा की. समदे त्या थर्मामीटरकडंच बघत्यात. ते चहाचं भांडं खाली ठिव, शिवगंगा, आन मिनिट मोज. कुणी हालू नका... शरणबसप्पा, रडतूस कशाला? तुझ्यामुळं न्हाय रे. अजून न्हाय...

काय? किती? परत वाच. "अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, बाबा. नॉर्मल आहे. घसा पण साफ आहे." हुश्श... शिवगंगा, बस खाली, न्हाय आला ताप. बस तिथंच पायरीवर. अहो, टाळ्या कशाला वाजवताव, अजून जायचंय मला, परत यायचंय!

बरं, आता काय? आता आक्काला बी कोंडायचं? बरोबर हाय. कुठं? वर?... माझ्या शेजारच्या खोलीत? अगं अंजू, मधी नुस्ती फळ्यांची भिंत हाय! सकाळी सातपतोर? आन मग सात तास जीपमधी? दुसरी खोली न्हाय का? बंडप्पाच्या घरी? न्हाय, न्हाय, तिथं पोरं हाईत, खरं हाय... ठीक हाय. मास्क लावून, दार बंद करून. ठीक हाय.

आन तुम्ही... अहो, कुठं निघालाव? चपला हातात घिऊन, आवाज न करता, सगळ्यांनीच? चौदा दिस घसा फोडून सांगत हुतो तवा कुणी हाललं न्हाय, आन आता एका मिनिटात गल्ली मोकळी? बंडप्पा! मागं तरी बघ! शरणबसप्पा, आरं, तू तरी... रेघेच्या पलीकडं बस की जरा, त्या सायकलच्या दुकानापाशी, तिथनं काय जंतू येत न्हाईत... न्हाय? घरातल्यांना बी ताकीद देतूस? बरं. बरं, जावा. खरंच जावा. ह्येच तर सांगत हुतो मी.

...गेले की हो समदे. कुत्रं सुद्धा न्हाय.

जिन्यात पाय वाजाय लागले बघा. आली. दार लावलं. भिंतीजवळ खुर्ची वढली. आन सुरू! "काय रे राजशेखर, माझ्या लग्नात तू माझ्या सासऱ्याला जे बोललास..." बोल आक्का, बोल. पयल्यापासनं बोल, काय सुदिक सोडू नको, साडीचं बी सांग. आता थोड्या दिसांत तुझंच रक्त माझ्या अंगात येणार हाय, तर त्येला माझ्यावर काय काय राग हाय ते आधीच कळल्यालं बरं.